चाळीस गाद्या आणि एक भामटा

"आता आकाशातून परी जरी देणगी मागायला उतरली ना, तरी आधी तिची नोंदणी बघेन, मग पंख!"

गादीशेठनी उशीत कापूस कोंबता कोंबता ही घोषणा केली. मागच्या खोलीत खोळी शिवत बसलेल्या त्यांच्या बायकोनं मशीन थांबवलं नाही, फक्त म्हणाली, "आणि हत्ती उतरला तर?"

गादीशेठनी उशीत आणखी जोरानं कापूस कोंबला. हे हत्ती प्रकरण तुम्हाला सांगायलाच हवं. गेल्या वर्षी एक गोडबोल्या गृहस्थ दुकानात आला होता, सर्कशीतून निवृत्त झालेल्या हत्तींच्या वृद्धाश्रमासाठी देणगी मागत. त्याच्याकडच्या फोटोतला हत्ती इतका केविलवाणा होता, की शेठनी देणगी तर दिलीच, वर एक मऊ गादी देऊ केली. हत्तीला! गृहस्थानं तीही नेली. पुढे तो वृद्धाश्रम कुठंच सापडला नाही. तेव्हापासून घरात कसलाही खर्च निघाला, की बायको म्हणे, "माझ्याकडे काय बघता? हत्तींना विचारा!"

म्हणून शेठनी आता तीन नियम केले होते. देणगी रोखीत द्यायची नाही. घाई करणाऱ्याला द्यायची नाही. आणि संस्थेचा फोन नंबर आपण स्वतः शोधून, तिथं विचारल्याशिवाय तर मुळीच द्यायची नाही! नियम तयार होते, छाती पुढे होती, कमी होती ती फक्त भामट्याची.

तेवढ्यात साध्या साडीतल्या, चष्मा लावलेल्या एक बाई दुकानात आल्या.

"नमस्कार. मी टेकडीमागच्या अनाथ मुलांच्या वसतिगृहातून आलेय. आम्हाला चाळीस गाद्या हव्या होत्या."

शेठचे डोळे चमकले. सावज चालत आलं!

"चाळीस? अगदी चाळीस? आणि उशा नकोत वाटतं?"

"अय्या, उशाही मिळतील? मग त्याही द्या!"

काय हा निर्लज्जपणा! शेठनी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. प्रत्यक्षात अंगात नुसता बनियन होता.

"नोंदणी आहे का तुमची?"

"वसतिगृहाची? आहे की. पण गाद्यांना ती कशाला लागते?"

"लागते! आणि कधी हव्यात म्हणे?"

"लवकर झाल्या तर बरं. मुलांचे फार हाल होतायत."

"घाई!" शेठ एवढ्यानं ओरडले, की बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी तो सावरला आणि पर्स उघडली. "थोडे पैसे आत्ता रोख..."

"रोख नाही! रोख म्हणजे नाहीच!"

"बरं, मग चेक देते."

"मी चेकसुद्धा देणार नाही! हत्ती गेले, आता मुलं आणलीत होय? निघा!"

"कुठले हत्ती?" बाई उलट्या पावली रस्त्यावर पोचल्या आणि जवळजवळ पळतच दिसेनाशा झाल्या. शेठ विजयी मुद्रेनं वळले. दारात बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अहो, ती 'देते' म्हणाली."

"म्हणजे?"

"देते! देते! चेक ती देत होती. गाद्या विकत घ्यायला आली होती हो ती!"

शेठ जवळच्या गादीवर मटकन बसले. वर्षभरातली सगळ्यात मोठी ऑर्डर त्यांनी स्वतःच्या तोंडानं हाकलली होती.

पण एक सांगतो, माणूस मानी असला तरी हट्टी नव्हता. तिसरा नियम अजून शिल्लक होता. त्यांनी वसतिगृहाचा नंबर शोधला आणि फोन लावला. पलीकडे त्याच बाई! त्या तिथल्या मुख्य अधीक्षिका निघाल्या. शेठनी इतक्या वेळा माफी मागितली, की शेवटी बाईच म्हणाल्या, "अहो, पुरे! मला तर तुमचं कौतुक वाटतंय. आमच्या नावानं कुणीतरी बाजारात खोट्या पावत्या फाडतोय. आम्ही देणगीसाठी कधीच दुकानोदुकानी माणूस पाठवत नाही. पण आजवर एकानंही आम्हाला फोन करून विचारलं नाही. तुम्ही पहिले!"

फोन ठेवताना शेठची मान इतकी ताठ झाली होती, की रात्री उशी बदलावी लागली.

मग नवरा-बायकोनं मान मोडून काम केलं. चाळीस गाद्या आणि चाळीस उशा स्वतः नेऊन पोचवल्या. पोरांनी त्यांवर अशा कोलांट्या मारल्या, की शेठना गहिवरून आलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, शेठ कापसात बुडालेले असताना, एक टापटीप तरुण आत आला. पांढराशुभ्र शर्ट, टाय, चापून बसवलेले केस, हातात पावतीपुस्तक.

"मी टेकडीमागच्या अनाथ मुलांच्या वसतिगृहातून आलोय, काका," तो रुमालानं कोरडेच डोळे टिपत म्हणाला. "आमच्या मुलांना झोपायला गाद्या नाहीत हो! फाटक्या सतरंजीवर कुडकुडतात बिचारी!"

फसवणुकीचा राग शेठना नंतर आला. आधी आला तो कारागिराचा राग. माझ्या गाद्या असताना मुलं सतरंजीवर?

"अरेरे," ते दात आवळून म्हणाले. "बस, बाळ. ही आमची सगळ्यात मऊ गादी. अगं, जरा फोन कर, पाहुणे आलेत!"

बायकोला इशारा कळला. तिनं आधी वसतिगृहाला फोन करून खात्री केली, मग पोलिसांना बोलावलं. इकडे पाहुणा गादीत कमरेपर्यंत रुतला होता. आतला 'पोलीस' शब्द कानावर पडताच तो उठायला धडपडला, बाजूच्या गाद्यांच्या चळतीला लटकला आणि अख्खी चळत धप्पकन त्याच्या अंगावर आली! शेठनी क्षणाचाही विचार न करता वर उडी घेतली. पोलीस येईपर्यंत ते तिथंच मांडी घालून बसले होते. खालून बारीक आवाज येत होता, "काका, गुदमरतोय!"

"कुडकुडत तर नाहीस ना?" शेठनी विचारलं.

सगळ्या बाजारानं टाळ्या वाजवल्या. बायको तर चारचौघांत म्हणाली, "आहेतच आमचे हे हुशार!" लग्नानंतर पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवशी शहरातल्या छोट्या वर्तमानपत्रात फोटो छापून आला. एका बाजूला टायवाला तरुण, एकही केस न विस्कटलेला. दुसऱ्या बाजूला शेठ. फाटका बनियन, मिशीत कापूस, डोळे बटाट्याएवढे, आणि शाबासकी म्हणून खांद्यावर ठेवलेला पोलिसाचा हात. वर ठळक मथळा, 'भामटा अखेर जाळ्यात!'

सकाळीच मेहुण्याचा फोन आला. "ताई, रडू नकोस. वकील बघतोय मी."

पण शेठचा अभिमान असल्या फोननं खचणारा नव्हता. त्यांनी फोटोला चौकट केली, दुकानात समोरच टांगला आणि गैरसमज नको म्हणून स्वतःकडे लाल बाण काढून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हाच मी!'

परवा एक आजी उशी घ्यायला आल्या. त्यांनी मथळा वाचला, बाण पाहिला, शेठकडे पाहिलं आणि मायेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बरं केलंस हो, लेका. सुटून आल्यावर माणसानं असा कष्टाचाच धंदा करावा!"