अकराव्या पानावरच्या मरणाची कैफियत

वाचकांचे दरबारी लेखनसेवक रुजू होऊन विज्ञापना करितो ऐसीजे. झाडीपट्टीचे मुलखी, वैनगंगेचे दोन्ही तीरी, आजवर मोहिमा बहुत जाहल्या. कोणी रानडुकराचे, कोणी रेल्वे फाटकाचे, कोणी नळाचे तोटीचे कारणे लढले. त्या सर्व लोकांस मुखोद्गत आहेत, सबब लिहिण्याचे प्रयोजन नाही. परंतु एका कादंबरीचे अकरावे पानी एक आई मरते, ती मरावी की न मरावी, या कारणे वडसा मुक्कामी जे रण माजले, त्याची हकीकत लोक ज्याचे त्याचे सोयीने सांगू लागले आहेत. म्हणोन ऐकिले पाहिले ते लिहून ठेवितो. कमी असेल ते पदरात घ्यावे. जास्त असेल ते बहुधा प्रफुलभाऊंचे आहे.

श्रीमंत प्रफुलभाऊ म्हणजे वडशातील एका नाटक कंपनीचे खासे धनी. धान कापून घरात आले, गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागल्या आणि शंकरपटाचे बैल धावू लागले, की या मुलखात रात्ररात्र नाटके चालतात, आणि वडशाचे हमरस्त्यावर कंपन्यांच्या पाट्या निशाणाप्रमाणे उभ्या राहतात. त्या वर्षी भाऊंजवळ नवे नाटक नव्हते, आणि शेजारचे कंपनीची पाटी दोन हात उंच जाहली होती, त्यामुळे भाऊ हवालदिल होते. ऐशा समयी गोंदियाहून परततां स्टेशनावर 'धुक्यात हरवलेली शाल' ही कादंबरी त्यांनी घेतली, आणि गाडीत वाचावयास काढली, आणि अर्जुनी मोरगाव कधी मागे पडले हे त्यांस कळले नाही. वडशास उतरले ते डोळे पुसीतच उतरले. ऑटोवाल्याने, घरी कोणी गेले काय, ऐसे पुसिले. भाऊंनी जाहीर केले की हंगामाचे नाटक ठरले.

कादंबरीचा मजकूर थोडक्यात ऐसा. माधवी नामे कन्या थंड हवेचे गावी राहते. अकरावे पानी तिची आई, लेकीस एक शाल देऊन, मरते. मग एक तरुण येतो, आणि धुके येते, आणि दोघांची प्रीति जडते, आणि दोघेही ते बोलत नाहीत. बोलत नाहीत ते दोनशे पाने बोलत नाहीत. शेवटले पानी तरुण ती शाल घेऊन धुक्यात चालता होतो, माधवी हाक मारीत नाही, आणि ग्रंथ समाप्त. लेखिकाबाई पुण्यात असतात. त्यांनी फोनवरून नाटकाची परवानगी दिधली ती एका शर्तीवर, की शेवट बदलू नये.

मग भाऊंनी कादंबरीच्या झेरॉक्स काढविल्या आणि हुकूम सोडला की कंपनीतील प्रत्येक मानकऱ्याने ती वाचून दरबारी हजर व्हावे. येथेच रणाचे बीज पडले. नाटकवाल्यांस गोष्ट सांगावी, पुस्तक देऊ नये, हा वडिलांचा दस्तुर भाऊ विसरले. कारण नट पुस्तक वाचतो तो त्यात आपणास शोधीत वाचतो.

राजश्री लच्छूभाऊ, ज्यांचे मिशीस पाहून वडशाची लेकरे दूध पितात, ते खलनायक. त्यांस पहिले पन्नास पानांत खल म्हणून कोणी गवसेना. मग एक धनाढ्य काका आला, तेव्हां लच्छूभाऊ उठून बसले, आणि काकाने खोकला केला तो त्यांस कपटी वाटला, आणि तिजोरीचा उल्लेख आला तेव्हां त्यांनी मिशीस तेल लाविले. पुढे त्याच काकाने सर्व इस्टेट माधवीचे नावे करून तीर्थयात्रेस प्रयाण केले. लच्छूभाऊंनी कागद फेकून दिधले आणि म्हणाले, "काका हाय का बिनकामाचा! इतकी इस्टेट, आन् एक पोरगी पळवाचं सुचलं नाई त्याले?"

हास्यसेनापती झिंगूभाऊ आरंभापासून हसत होते. तरुण सुरूचे झाडास कवटाळून रडतो तेथे तर त्यांस उचकी लागली. ही शोकाची जागा आहे ऐसे सांगितले असता म्हणाले, "मंग त अजूनच मजा हाय ना जी!"

नायिकेचे काम सरिताबाईंकडे. त्या रडल्या नाहीत, हसल्या नाहीत, संतापल्या. दरबारी कागद आपटून बोलल्या, "चाळीस पानं खिडकीत उभी राहून राह्यली हे. तोंड हाय का नाई हिले? मी काय कॅलेंडर हाय का भाऊ, भितीले टांगाले?"

अश्वजित सर, म्हणजे शाळेवर मराठी शिकविणारे आणि हिवाळ्यात कंपनीचे नाटककार व प्रॉम्प्टर, ते मात्र शेवटले पानी रडले. त्यांचे म्हणणे, ती हाक मारीत नाही हेच या ग्रंथाचे काळीज आहे, त्यास हात लावाल तर आपण प्रॉम्प्टरचे पेटीत बसणार नाही.

आता मातोश्री आशाबाई. यांनी रंगमंचावर अगणित लेक वाढविले. कोणी दारूस लागले, कोणी शहरी जाऊन आईस विसरले, एकास तर बाईंनी फाशीचे दोरावरून परत आणिले. त्यांनी पदर डोळ्यास लाविला की मागील रांगेतील पोलीस पाटीलसुद्धा नाक ओढीत. बाईंनी चष्मा लावून कादंबरी उघडली आणि अकरावे पानी आपण मेलो ऐसे पाहून चष्मा काढून ठेविला. मग पुन्हा लाविला आणि शेवटपर्यंत वाचले, की कोठे स्वप्नात येऊ, कोठे आठवणीत येऊ. आल्या नाहीत. भिंतीवर तसबीर तरी असावी, तर तीही लेखिकेने लाविली नव्हती.

हा थट्टेचा विषय नव्हे. झाडीपट्टीचा रिवाज ऐसा की जी बाई एक हंगाम लोकांस दिसली नाही, तिचे नाव पुढील हंगामी कोणी घेत नाही. तिचे जागी दुसरी आई उभी राहते, आणि लोक तिचेसाठीही रडतात. लोकांस रडावयास आई पाहिजे, अमुकच आई पाहिजे ऐसे नाही. बाई हे जाणून होत्या. त्यांचे वय ऐसे जाहले होते की एक हंगाम घरी बसणे म्हणजे कायमचे घरी बसणे.

सबब बाईंनी भर दरबारी मोर्चा लाविला. त्यांनी अर्जी केली नाही, रदबदली केली नाही. त्यांनी वाचकांचे अश्रूंची झाडाझडती घेतली.

"भाऊ, तुमी रडले म्हन्ता. कुठी रडले?"

"माय मेली तिथी," प्रफुलभाऊ बोलले, आणि पुन्हा डोळे ओले केले.

"आन् त्याच्या पुढं?"

"पुढं वडसा आलं ना बाई."

म्हणजे धनी कादंबरीचे अकरावे पानापर्यंतच पोहोचले होते, आणि त्यावर हंगाम लाविला होता. मग जमाखर्च उघडच जाहला. लच्छूभाऊंचे अश्रू नाहीत, झिंगूभाऊंचे हसण्याचे म्हणून वजा, सरिताबाईंचा नुसता राग, तोही वजा. जमेस राहिले ते धन्याचे, अकरावे पानी. आणि अश्वजित सरांचे, शेवटले पानी. फौजा दोन जाहल्या. लच्छूभाऊ व झिंगूभाऊ बिनजागीर सरदार, ते बाईंचे गोटात गेले. सरिताबाईही गेल्या, कारण आई जिवंत असेल तर कोणाशी बोलता तरी येईल.

अश्वजित सर एकटे, परंतु शर्थीने लढले. म्हणाले, "बाई, तुमी मेल्याशिवाय माधवी एकटी पडत नाही. ती एकटी पडली नाही तर तो आवडेल कशाले तिले?" हा वार वर्मी बसला. भाऊंनी फार विचार केला, पान खाल्ले, आणि फर्मान काढिले की पुस्तकात लिहिले आहे त्याप्रमाणे आई पहिले प्रवेशी मरावी, आणि मेल्यावर तिने कपडेपट सांभाळावा.

आशाबाईंनी मान लवविली. म्हणाल्या, "मरा म्हन्ता, त मरतो जी." इतकेच. हे ऐकून झिंगूभाऊंसारखा पुरुष हसावयाचा थांबला.

मग कंपनीने कूच केले. पहिला मुक्काम धानोऱ्याचे पलीकडे, सागवानाचे जंगलातील एका गावी. मंडप पडला, थंडी ऐसी की लोक अंथरुणासुद्धा आले. थंड हवेचे गाव दाखविणे होते, सबब पडद्यामागे धानाचा भुसा जाळून धुके केले, ते पुढील रांगेत गेले आणि सर्व पाहुणेमंडळी खोकू लागली. पुढे, अगदी मधोमध, सोमारी नामे वृद्धा आपली बोरी, म्हणजे गोणपाट, अंथरून, शेंगांची पुरचुंडी सोडून बसली होती. या गावी नाटक लागले आणि सोमारी पुढे नाही, ऐसे कधी घडले नव्हते.

पडदा उघडला आणि बाई मरावयास लागल्या. ग्रंथात मरण तीन वाक्यांचे. अश्वजित सरांनी पेटीतून तीन वाक्ये दिधली, बाईंनी तीनच घेतली, पदरचे एक अक्षर घातले नाही. परंतु पहिले वाक्याचे नंतर लेकीचा हात धरला, आणि दुसऱ्यानंतर तिचे केसांतील गवताची काडी काढली, आणि तिसऱ्यानंतर शाल तिचे खांद्यावर घालून पायापर्यंत सारखी केली, जैसी लेकरू निजल्यावर करितात. आणि मग मान टाकली. मंडपात हुंदका उठला तो धुरासुद्धा वर गेला. आणि मागील रांगेतून एकाने, सवयीने, आरोळी दिधली, "वन्स मोअर!"

गाण्यास वन्स मोअर ही तो इकडील रीत. मरणास वन्स मोअर कोणी ऐकिला नव्हता. परंतु एकाने म्हटले, आणि शंभरांनी म्हटले, आणि वन्स मोअर नाकारिला तर खुर्च्यांची काय अवस्था होते हे प्रफुलभाऊ विंगेत उभे राहून जाणत होते. इशारत जाहली. बाई उठल्या, पाणी प्यायल्या, आणि पुन्हा मरावयास लागल्या.

या खेपेस मान टाकणार इतक्यात सोमारी उठून रंगमंचाचे कडेस आली.

"थांब वं बाई. मरू नोको."

लोक हसले. एकाने मागून म्हटले, "ए बुढे, नाटक हाय ते! बस खाली."

सोमारीने मागे वळून त्याकडे पाहिले. "मले सांगतं का नाटक हाय म्हणून? तिकीट काढलो ना मी. नाटक हाय म्हणूनच त सांगून राह्यलो. खऱ्यात मरते, त थांब म्हटलं तरी कोणी आयकते का आपलं?"



बाई मेल्या अवस्थेत होत्या. त्यांनी एक डोळा उघडला, आणि सोमारीकडे नाही, विंगेत धन्याकडे पाहिले. तेथे प्रफुलभाऊ तोंडात उपरणे धरून उभे होते. मग त्यांनी जे केले ते कंपनीचे इतिहासात कोणा धन्याने केले नव्हते. पेटीपाशी धावले, अश्वजित सरांचे हातातील संहिता ओढून घेतली आणि सर्व मंडपास ऐकू जाईल ऐशा आवाजाने प्रॉम्प्ट केले, "श्वास हाय! श्वास हाय! डाक्टर पाठवा बे कोणी!"

लच्छूभाऊ बिनकामाचे विंगेत उभे होते, त्यांस ढकलून दिधले. ते मिशीसुद्धा डॉक्टर जाहले. लोकांनी त्यांस ओळखून शिव्यांचा वर्षाव केला, तो त्यांनी हंगामाचा पहिला मान म्हणून शिरावर घेतला. नाडी पाहिली आणि, खलनायकास जड जाते ते वाक्य, "जगेल," ऐसे बोलले. टाळ्यांनी मंडपाचे बांबू हलले. सोमारी बोरीवर जाऊन बसली आणि शेंगा फोडू लागली.

पुढील प्रवेश कोणी लिहिला नव्हता, तो जागीच उभा राहिला. आई बाजेवरून विचारू लागली, आणि खिडकीतील माधवीस तोंड फुटले. झिंगूभाऊ कंपाउंडर होऊन शिरले. सरिताबाई म्हणाल्या, "आई, पोट्टा चांगला हाय वं, पण त्याले बोलताच येत नाई," त्यावर ज्या शिट्या जाहल्या त्या बापड्या नायकाने मान खाली घालून सोशिल्या.

मग शेवटले पान आले. अश्वजित सर पेटीत डोळे मिटून बसले. भुसा पुन्हा पेटविला, धुके दाटले, नायक शाल घेऊन निघाला. माधवी उभी राहिली. तिने हाक मारिली नाही. जैसे लिहिले तैसे, ओठसुद्धा हलविला नाही. मात्र बाजेवरून आशाबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "ए पोट्ट्या! जाचं हाय त जा. शाल ठेवून जा. ते माही हाय."

पडदा पडला तो लोकांनी पडू दिधला नाही, दोन वेळां वर करविला.

दुसरे दिवशी वडशास तह जाहला. त्यातील कलमे: नायिकेने हाक मारिली नाही, सबब लेखिकाबाईंस दिधलेला शब्द पाळिला गेला, याउपरि अश्वजित सरांनी तक्रार करू नये; परंतु त्यांनी केली, आणि ती ऐकून घेतली, आणि पेटीत गादी नवी घातली. लच्छूभाऊंस डॉक्टरी बहाल. मातोश्रींस तिन्ही अंक, इनाम म्हणून नव्हे, हक्क म्हणून. मरण मागाहून कोणत्याही गावाने मागितले तर एकवार द्यावे, परंतु ते आशाबाईंचे मर्जीने, आणि उठण्याचे शर्तीवर.

फर्मान वाचून दाखविले तेव्हां सर्वांनी बाईंस मुजरा केला. बाई मफलर गुंडाळून गरम पाणी पीत होत्या. त्यांचा आवाज पार बसला होता. पुसिले की विजय जाहला, संतोष आहे ना? त्यावर घोगऱ्या स्वरे बोलल्या, "मराचं सोपं होतं जी. आता होळीपर्यंत रोज तीन अंक बोलाचं हाय मले. लवंग आहे का कोणाजवळ?"

लवंग झिंगूभाऊंनी दिधली. येणेप्रमाणे अकरावे पानी पडलेले मरण मातोश्री आशाबाईंनी परतविले, तो विजय त्यांचे नावे जमा, आणि घसा खर्ची. बरहुकूम लिहिले, फेरफार नाही.