ढवळणारा : स्वतः

चूक वडिलांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळी बोटं धाकट्याकडे वळणार आहेत, आणि त्या घरात एकदा वळलेलं बोट परत जागेवर जात नाही.

वडील निवृत्त हेडमास्तर. निवृत्त झाल्यावर माणसाने पेपर वाचावा, सरकारला शिव्या घालाव्यात आणि गप्प पडावं. यांनी डोंगरउतारावर सहा एकर कॉफी घेतली. तिथवरही ठीक होतं. पण मग ते कुठल्याशा सात दिवसांच्या शिबिराला गेले आणि परत आले ते बायोडायनॅमिक होऊन. म्हणजे नुसतं सेंद्रिय नाही. सेंद्रियात रासायनिक खतं आणि औषधं बंद केली की भागतं. यात चंद्रालाही विचारावं लागतं. गाईच्या शिंगात शेण भरायचं, ती शिंगं सहा महिने जमिनीत पुरायची, उकरल्यावर आतलं मूठभर खत कोमट पाण्यात टाकायचं आणि ते पाणी ढवळायचं. आधी एका दिशेने, मधोमध खोल भोवरा पडेपर्यंत. मग झटकन उलट्या दिशेने. पुन्हा भोवरा, पुन्हा उलटं. बरोबर एक तास, न थांबता, हाताने. आणि ऊन उतरल्यावर ते झाडांखालच्या मातीवर शिंपडायचं.

"ढवळणाऱ्याची वृत्ती पाण्यात उतरते," वडील म्हणत. (तसं असतं तर त्या सहा एकरांत नुसता संताप उगवला असता. कारण ढवळत होता धाकटा.)

धाकटा कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडून आलेला. तिथले एक सर वीस वर्षांपूर्वीच्या वहीतून शिकवायचे, आणि वहीची पानं निसटायला लागलीत हे याने भर वर्गात त्यांना सांगितलं. पुढचं पुढे आपोआप घडत गेलं. थोरला इंजिनिअर होऊन वेळेत सटकला होता. त्यामुळे वडिलांच्या हाती राहिला हा फुकट गेलेला मुलगा, आणि फुकट गेलेल्या मुलाकडून फुकट काम करून घ्यायला कुणाची हरकत नसते.

पण धाकट्याचं एक ठरलेलं होतं. खाली गावात कॉफी भाजणारा एक माणूस होता. त्याच्या भट्टीपाशी उभं राहिलं की धाकट्याला जगात आणखी काही नको असायचं. बिया तडतडायला लागल्या की नुसत्या वासावरून तो म्हणायचा, "आता काढा," आणि भाजणारा घड्याळ बघून मान हलवायचा. त्याने शब्द दिला होता, "तुमच्या बागेला बायोडायनॅमिकचं सर्टिफिकेट मिळू दे. मग माल मी घेतो आणि मालाबरोबर तुलाही घेतो." वडीलही कबूल झाले होते. सर्टिफिकेट मिळेपर्यंत बागेत राबायचं, मग खुशाल जायचं.

सर्टिफिकेटला तीन वर्षं लागतात. तीन वर्षं बागेत काही रासायनिक पडलेलं नाही, आणि जे जे केलं ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे, असं दिसावं लागतं. रजिस्टर वडिलांकडे. तारीख, चंद्राची स्थिती, पाणी किती, आणि शेवटचा रकाना 'ढवळणारा'. त्यात वडील आपल्या वळणदार अक्षरात दर वेळी लिहीत : 'स्वतः'.

ढवळायची वेळ दुपारी तीन ते चार. वडिलांची झोपायची वेळ दुपारी तीन ते चार. रजिस्टरमध्ये यातली पहिलीच लिहिलेली होती.

पहिली दोन वर्षं धाकट्याने खरोखर हाताने ढवळलं. खांदे भरून यायचे, तळहाताला फोड यायचे. मग थोरल्याने आईसाठी वॉशिंग मशीन पाठवलं. दोन टाक्यांचं, वरून झाकण उघडायचं. धाकटा सहज झाकण उघडून आत बघत होता आणि बघतच राहिला. टाकीच्या तळाची चकती आधी या बाजूला फिरत होती. पाण्यात भोवरा पडत होता. मग ती थांबून उलटी फिरत होती. पुन्हा भोवरा, पुन्हा उलटी. शिबिरात सात दिवस जे शिकवलं, ते मशीनला जन्मतःच येत होतं.

त्या दिवसापासून त्याने हाताने ढवळलं नाही. आधी टाकी दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायची, मग पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार फेऱ्या, मग नळीने पाणी बादलीत काढून घ्यायचं, शेवटी टाकी पुन्हा धुवायची. अकरा वेळा केलं, अकराही वेळा बिनबोभाट. बाग अशी बहरली की वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत, "हे सगळं हाताच्या ढवळण्यामुळे हं."

तीन वर्षं भरायला एक आठवडा उरला असताना इन्स्पेक्टर शेवटच्या तपासणीला आले. बारीक, अबोल माणूस. सकाळभर त्यांनी बांध पाहिले, कोठार पाहिलं, खताचा खड्डा पाहिला. दुपारी फळं सोलायच्या मशीनपाशी सालींच्या ढिगावर त्यांचा पाय घसरला आणि ते पाठीवर आडवे झाले. आईने त्यांचा शर्ट लगेच धुवायला घेतला आणि वडिलांचा एक शर्ट त्यांना घालायला दिला. त्या शर्टात ते, हेडमास्तर सुट्टीवर असताना शाळा सांभाळणाऱ्या कारकुनासारखे दिसत होते.

"आज तू ढवळ," वडील धाकट्याला म्हणाले, जणू एरवी ते स्वतःच ढवळतात. "मी साहेबांना कागदपत्रं दाखवतो. चार वाजता त्यांना ढवळणं बघायला घेऊन येतो. व्यवस्थित दिसलं पाहिजे."

"दिसेल," धाकटा म्हणाला.

तीन वाजता तो मशीनपाशी गेला तर टाकीत इन्स्पेक्टरांचा शर्ट, साबणाच्या पाण्यात बुडालेला. आई स्वयंपाकघरात. चारला साहेब येणार. धाकट्याने शर्ट काढून बादलीत टाकला, पाणी सोडून दिलं, आणि टाकी धुवायला वेळ घालवावा की नाही याचा विचार केला. (विचार केला, एवढं तरी त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.) मग कोमट पाणी ओतलं, शिंगखत टाकलं, बटण फिरवलं. वेळ नव्हता म्हणून तीनच फेऱ्या केल्या; शेवटच्या फेरीनंतर पाण्यावर थोडा फेस दिसला. बसेल खाली, असं म्हणून त्याने पाणी भरून नेलं आणि जाताजाता शर्ट परत टाकीत टाकून मशीन चालू केलं.

चारला पाच कमी असताना तो झाडाखाली, ते पाणी ओतलेल्या पिंपापाशी काठी घेऊन उभा होता. बाह्या दुमडलेल्या. कपाळावर घामासाठी नळाचं पाणी शिंपडलेलं. वडील इन्स्पेक्टरांना घेऊन आले तसा त्याने जोरात भोवरा पाडला.

फेस वर आला.

दिशा बदलली. आणखी वर आला. जितकं मन लावून ढवळावं तितका फेस चढत होता, आणि आता थांबायचीही सोय नव्हती. पांढरा, भरगच्च फेस पिंपाच्या काठावरून ओघळून धाकट्याच्या चपलांवर आला.

वडिलांनी फेसाकडे पाहिलं. पण चाळीस वर्षं वर्गापुढे उभा राहिलेला माणूस 'मला माहीत नाही' म्हणणं केव्हाच विसरलेला असतो.

"बघा साहेब," ते हात पसरून म्हणाले, "ही जीवनशक्ती! चंद्र आज अनुकूल आहे. असा उठाव मी स्वतःही क्वचितच पाहिलाय."

इन्स्पेक्टर वाकले. बोट बुडवून नाकाशी नेलं.

"लिंबाचा वास येतोय."

"वरच्या बांधाला लिंबं आहेत आपली. त्यांचा अंश हवेतून उतरतो."

"निळे कणही उतरतात?"

इतक्यात आई शर्ट घेऊन आली. हातात लांब धरून, मेलेला उंदीर धरावा तसा. पांढरा शर्ट चहात बुडवून काढल्यासारखा झाला होता.

"साहेब, माफ करा हो. काय झालं कळत नाही. मशीनमधून शेण निघतंय! मी यांना किती दिवस सांगतेय की वास येतो. कंपनीला पत्रसुद्धा टाकलं."

"कंपनी काय म्हणाली?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"त्यांनी विचारलं, घरात गाय आहे का."

इन्स्पेक्टरांनी शर्टाकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, शेवटी धाकट्याच्या चपलांकडे पाहिलं.

"मशीनमध्ये ढवळलंस?"

"हो," धाकटा म्हणाला.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. त्याने पेनाला टोपण लावलं. म्हणाला, "झाडांवर अजून काही पडलेलं नाही. हे पाणी बागेबाहेर ओतून द्या, पिंप धुवा, नवीन ढवळा. मी तासभर थांबतो. एक चूक, एक शेरा. सर्टिफिकेट अडायचं नाही."

झालं होतं. सुटले होते सगळे. धाकट्याने पिंप कलंडवायला हातही घातला होता. तोंड तेवढं मिटून ठेवायचं होतं, आणि ते काम दोघांचं होतं.

"उपकार झाले साहेब," वडील म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "काय आहे, आज पहिल्यांदाच याच्यावर सोपवलं हो. तीन वर्षं मी एकहाती सांभाळलं, एक दिवस याला दिलं तर ही तऱ्हा. कॉलेज धड नाही, शेती धड नाही. एक तास हात हलवायची चिकाटी नाही या पिढीत."

"अहो, जाऊ द्या ना," आई म्हणाली.

"का जाऊ द्या? मी या वयात रोज..."

"रोज काय?" धाकट्याने पिंप सोडलं. "रोज काय करता बाबा? अकरा वेळा ढवळलंय मी मशीनने! अकरा! त्याच्या आधी दोन वर्षं माझ्या हातांनी! तुम्ही एकदा काठीला हात लावलेला दाखवा. वर्षभर ढवळलं त्या मशीनने आणि घोरलात तुम्ही, आणि मशीनचा आवाज कमी होता!"

आईने शर्ट स्वतःच्याच खांद्यावर टाकला. इन्स्पेक्टरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"रजिस्टर आणा," ते म्हणाले.

पानं उलटली. स्वतः. स्वतः. स्वतः. अक्षर खरंच सुंदर होतं.

"साबणाचं मला काही नव्हतं," इन्स्पेक्टर सावकाश म्हणाले. "पण हे रजिस्टर खोटं आहे. आणि माझ्याकडे तुमच्या बागेचा दुसरा पुरावा नाही. रजिस्टर खोटं, तर ही तीन वर्षं मला धरता येत नाहीत. आजपासून पहिला दिवस मोजा."

"साहेब, तांत्रिक बाब आहे," वडील म्हणाले. "व्यापक अर्थाने पाहिलं तर मुलगा म्हणजे स्वतःच की."

या एका वाक्यावर धाकट्याला हसू यायला हवं होतं. नाही आलं. इतक्या वर्षांत वडील त्याला आपला म्हणाले ते हेच एकदा, आणि तेही इन्स्पेक्टरपुढे, अडचणीत सापडल्यावर.

इन्स्पेक्टर वडिलांच्याच शर्टात संध्याकाळच्या बसने गेले. जाण्याआधी त्यांनी नव्या रजिस्टरची पहिली ओळ स्वतः आखून दिली आणि 'ढवळणारा' या रकान्यात धाकट्याचं नाव लिहिलं. म्हणाले, "या घरात खरं बोलणारा हा एकच दिसतो. यापुढे यानेच ढवळायचं. हाताने. मी मधून मधून न सांगता येत जाईन."

वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तीन वाजता झोपले. आईने मशीनच्या झाकणाला कडी बसवून कुलूप लावलं. भाजणाऱ्याने महिनाभर वाट पाहिली आणि मग भट्टीवर आपल्या भाच्याला बसवलं.

एकूण, ते खरं बोलणं धाकट्याला एका नोकरीला आणि तीन वर्षांना पडलं.