यमाजीपंतांचे निकेल आणि सलामीची दारू

श्रीअग्निनारायण समर्थ. चुलीत, पोटात आणि डोक्यात जळणाऱ्या त्रिविध अग्नीस दंडवत करोन लिहितो ऐसीजे: शके १७९०, विभवनाम संवत्सरी, एके राज्यी यमाजीपंत कारखानीस होते. रॉकेलाची व पाण्याची वाफ तप्त निकेलावरून न्यावी आणि हायड्रोजन नामे हलका वायू काढोन सरकारवाड्यातील दिवा लावावा, हे त्यांचे काम. परंतु निकेलावर काजळी बसे आणि वायू बंद होई. महाराज विटले आणि आज्ञा जाहली की, "दसऱ्यास दिवा न लागल्यास कारखान्यात हत्ती बांधावे." पंतांची हयात त्या भट्टीपाशी गेली होती. मग त्यांनी निकेलात चिमूटभर कथील मिळविले आणि काय नवल, काजळी धरेना! पंत भट्टीभोवती नाचले आणि धोतर सुटले तरी थांबले नाहीत.

दसऱ्यास सकाळी महाराज आले आणि दिवा लागला. परंतु दिवाण त्र्यंबकराव मानपानात भारी. त्यांनी सलामीच्या तोफा नेमक्या भट्टीत वारा भरणाऱ्या भात्यापाशी मांडिल्या. पंत ओरडले, "अहो, थांबा! दारूत गंधक आहे. भाता धूर ओढील आणि निकेल मरेल!"

"तुमच्या निकेलाचे सोवळे मोठे की राजाचा मान?" ऐसे म्हणोन दिवाणांनी बत्ती देवविली. धडाडधूम जाहले आणि धूर भात्यात गेला आणि दिवा विझला. महाराज बोलिले, "हत्ती आणा."

पंतांनी पाय धरिले. "महाराज, एक प्रहर द्यावा. निकेलास विष बाधले आहे, वाफ आणि तापला वारा सोडोन उतरवितो." महाराजांनी दिला. हत्ती दारी येवोन उभे राहिले आणि एकाने पंतांची पगडी खाल्ली. पंत घामाघूम होवोन भट्टी फुंकीत होते आणि मध्येच पाण्याची घागर घेवोन बाहेर जावोन आले. अखेर दिवा पुन्हा लागला आणि दिवाण हर्षे ओरडले, "सलामी द्या!"

बत्ती लागली आणि तोफा फुस्स करोन राहिल्या. दारू चिंब!

"कोणी भिजविली?" महाराजांनी पुसिले.

"मीच, महाराज. दिवाणजींस आनंद जाहला की काय होते, ते सकाळीच पाहिले."

महाराज पोट धरोन हसले आणि हत्ती माघारी गेले.

एवंच कारखाना वाचला. सलामी अद्यापि होते, परंतु तोफा दोन कोस दूर. आधी यमाजीपंत बोट ओले करोन वारा पाहतात आणि तोवर अवघा तोफखाना, दिवाणांसुद्धा, बत्ती धरोन ताटकळतो.