पत्रा काढला, आवाज गेला

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. खरं सांगायचं तर यात कुणीच शहाणं ठरत नाही. पण सासूबाईंच्या चपलेचा तळ अजून त्या गाडीत चिकटलेला आहे, आणि मागे जो बसतो तो विचारतोच. एकदाच काय ते सांगून टाकलेलं बरं.

गाडी सासऱ्यांची. नजर अधू झाली म्हणून त्यांनी चालवणं सोडलं आणि गाडी कुणाला द्यायची हा प्रश्न घरात उभा राहिला. जावई दोन. थोरल्याकडे आधीच एक गाडी होती, शिवाय ती ठेवायला शेड होती, आणि शेडमध्ये अजून एका गाडीची जागा आहे हे तो प्रत्येक भेटीत बोलून दाखवायचा. धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, दोन बस बदलून कामावर जायचा, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

सासऱ्यांची सगळी नोकरी दुकानांचे तराजू तपासण्यात गेली होती. त्यांनी निकालही तसाच काढला. "महिनाभर धाकट्यांकडे राहू दे. जशी दिली तशी राहिली तर त्यांची. नाहीतर शेड आहेच."

गाडीने जागा बदलली आणि आठवड्याभरात वाजायला लागली. सिग्नलला थांबली की खालून खर्रर्र... डब्यात खिळे घालून कुणी हलवावं तसं. रिक्षावाले वळून बघायचे. धाकट्या जावयाला घाम फुटला. रविवारी सगळ्यांना घेऊन थोरल्याकडे जेवायला जायचं होतं, आणि गाडीचा निकाल तिथेच लागणार होता.

त्याने मित्राला बोलावलं. मित्राला सगळे नट्या म्हणायचे. नट्या शिलाई मशीन दुरुस्त करायचा, त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र म्हणजे शिलाई मशीनचं चुलत भावंड, अशी त्याची खात्री होती. तो गाडीखाली शिरला.

"सापडलं! पत्रा आहे रे. सायलेन्सरच्या नळीवर बसवलेला. गंजून एका बाजूने सुटलाय, तोच वाजतोय."

"कशासाठी असतो तो?"

"शोभेला."

"गाडीखाली? शोभेला?"

"बरं बाबा, उष्णता अडवायला असतो म्हणे. कंपनीवाले घाबरट असतात, काहीही लावतात. आणि हे बघ, पुढे अजून एका पत्र्याची जागा आहे. नुसती भोकं, पत्रा नाही. तो केव्हाच गेलाय. तरी चालली ना गाडी इतकी वर्षं? म्हणजे लागत नाही."

जावयाला हे लगेच पटलं, कारण त्याला पटवूनच घ्यायचं होतं. नट्याने दोन नट सोडले, तिसरा तोडला आणि पत्रा ओढून काढला. मग गाडी सुरू केली. एकदम चिडीचूप!

"टाकून नको देऊ," नट्या म्हणाला आणि पत्रा काखेत मारून निघाला. "काहीतरी होईल याचं."

रविवारी सासरे पुढे बसले, सासूबाई आणि बायको मागे. पहिल्या सिग्नलला सासऱ्यांनी कान टवकारले.

"मध्यंतरी वाजते म्हणत होता ना हो?"

"एक नट सैल होता बाबा. आवळला."

"स्वतः?"

"स्वतः."

"हाताला गुण आहे," सासरे म्हणाले. हे वाक्य त्यांनी थोरल्याला कधीच ऐकवलं नव्हतं. जावयाची छाती फुगली. बायकोने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. घरातला नळ आवळता न येणारा माणूस ती रोज बघत होती.

शहर संपलं, चढ लागला. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ही शेकायची सोय फार छान केलीत हो. गुडघे कसे मोकळे झाले."

"कसली सोय?" सासऱ्यांनी विचारलं.

"अहो, खालून ऊब येतेय मस्त."

सासऱ्यांनी हीटरचं बटण पाहिलं. बंद होतं. त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने रस्त्याकडे पाहिलं.

मग वास आला. जळका, रबरासारखा. आधी सगळ्यांनी सभ्यपणे पुढच्या ट्रकवर ढकलला. ट्रक वळून गेला, वास राहिला.

"तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता का?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"वास क्लचचाच आहे. माझ्या हातात या गाडीने कधी असा वास मारला नाही."

आता आली का पंचाईत! क्लच म्हणावं तर गाडी चालवता येत नाही असं ठरतं, नाही म्हणावं तर खरं सांगावं लागतं. त्याने मधला मार्ग काढला. "कधीकधी चुकून जात असेल पाय," तो म्हणाला. सासऱ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. शेड त्यांना तिथूनही दिसत असावी.

"अहो, आता जरा जास्तच शेकतंय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पाय वर घे," बायको म्हणाली.

"घेते गं. पाय येतोय, चप्पल येत नाहीये!"

गाडी कडेला लागली. सासूबाई एका चपलेने उतरल्या. दुसरीचा पट्टा हातात आला होता, तळ मात्र खालच्या कार्पेटला जीव लावून बसला होता. कार्पेटमधून बारीक धूर येत होता. बायकोने पाण्याची बाटली रिकामी केली, सासूबाईंनी थर्मासमधला चहा ओतला. चर्रर्र झालं आणि धूर थांबला.

सासरे रुमाल अंथरून रस्त्यावर आडवे झाले आणि गाडीखाली डोकावले. बराच वेळ उठलेच नाहीत.

"इथला पत्रा कुठाय?" खालून आवाज आला.

जावयाला कळलं, आता लपवण्यात अर्थ नाही. गाडी हातची गेली. "मी काढला, बाबा. वाजत होता म्हणून. चुकलं माझं. पण पुढचा आधीच नव्हता, म्हणून वाटलं चालत असेल."



"कसला पत्रा गं?" सासूबाईंनी लेकीला विचारलं.

जावयाने हातांनी दाखवला. "एवढा लांब असतो आई. मधे पन्हळीसारखा वाकलेला, चंदेरी, आणि कडेला भोकं."

"चार भोकं?"

"हो, बहुतेक."

"म्हणजे अगदी माझ्या कुंड्यांच्या ट्रेसारखा," सासूबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्या गाडीखालून बाहेर आलेल्या दोन बुटांकडे बघायला लागल्या. "अहो."

बूट हलले नाहीत.

"अहो, ऐकताय का? माझ्या वाढदिवसाला आणला होतात तुम्ही तो ट्रे. खास बनवून घेतला म्हणाला होतात. पाणी निथळायला भोकं ठेवलीत म्हणाला होतात!"

"तेव्हा तोही वाजत होता," बूट म्हणाले.

बायकोला हसू आवरेना, ती पलीकडे जाऊन उभी राहिली. सासरे हळूहळू बाहेर आले. पाठीला धूळ, चेहरा एखाद्या दुकानदाराच्या तराजूत त्यांचाच अंगठा सापडावा तसा.

सासूबाई एका पायावर तोल सांभाळत म्हणाल्या, "गाडी धाकट्यांनाच द्या. थापा मारायची रीत तरी आपल्या घरातलीच आहे."

"पण जशी दिली तशी..." सासरे पुटपुटले.

"तशीच आहे. तुम्ही एक काढलात, यांनी एक."

तराजूवाल्या माणसाने पाठीची धूळ झटकली. "पण हे असं चालायचं नाही," ते म्हणाले. "आग लागली असती. दोन्ही पत्रे परत बसवायचे, तोवर गाडी हलणार नाही. तुझा ट्रे काढून दे."

"मुळीच नाही. रोपांनी मुळं धरलीत त्यात. तुम्ही नवा बनवून घ्या, खास."

मग सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं. त्याने नट्याला फोन लावला.

"नट्या, तो पत्रा आहे ना रे? परत हवाय. आत्ता."

"आत्ता?" नट्या घुटमळला. "अरे, मी तो गच्चीत आडोशाला ठेवला होता. त्या पन्हळीत कबुतरीण अंड्यांवर बसलीय. हात लावला की टोचते लेका."

"दुसरं काहीतरी दे तिला."

"दिलं की! खोकं दिलं, टोपली दिली. तिला पत्राच आवडतो. ऊब छान धरतो रे."

सासरे खुणेने विचारत होते, मिळतोय का, मिळतोय का. सासूबाई दगडावर बसून बस येते का बघत होत्या. चढाच्या वरच्या टोकाला थोरल्याचं जेवण थंड होत होतं, आणि शेडमधली ती जागा रिकामीच राहणार होती.

जावयाने सासऱ्यांकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"बरं, ऐक. पिल्लं उडून जाईपर्यंत पत्रा मागणार नाही. शब्द देतो. आणि सासरे तिकडे यायला निघाले तर आधी तुला फोन करीन."