बिनबैलाचं अळू

मुलुंडच्या आमच्या इमारतीत एकाच टाकीतून मासे आणि भाजी दोन्ही काढणारा पहिला माणूस मी! पहिला, आणि बहुतेक शेवटचाही.

कल्पना चंद्रप्रकाशची. हा माझा शाळेपासूनचा मित्र, पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. कुठल्याशा परदेशी मासिकात त्याने काहीतरी वाचलं आणि रविवारी सकाळी माझ्याकडे येऊन थडकला.

"श्याम, तळमजल्याचं घर, मागे एवढं परस, आणि तू तिथे काय ठेवलंयस? मोडकी सायकल! लाज वाटू दे यार! इथे टाकी ठेव, टाकीत मासे सोड. टाकीवर पत्र्याचा ट्रे, त्यात खडी, खडीत भाजी. माशांची घाण भाजीला खत. भाजीने साफ केलेलं पाणी परत माशांना. ना माती, ना नांगर. झकास!"

"आणि खालचं पाणी वर कोण नेणार?"

"पंप नेईल ना! कूलरचा छोटा पंप लाव. तू नुसता खुर्ची टाकून बस."

खुर्चीचा मुद्दा मला फारच पटला. मी टाकी आणली, ट्रे ठोकून घेतला, समोरच्या बांधकामावरून खडी मागून आणली. चंद्रप्रकाशने दुधाच्या किटलीतून चिलापी मासे आणले. खडीत मी अळूचे कंद खोचले. गणपती होईपर्यंत मासे वाढतील, मग वर अळू, खाली मासे आणि सुगंधाने फक्त मसाला वाटायचा, असा माझा बेत होता. सुगंधा म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "अळूची जुडी बाजारात मिळते. मासे पण." मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात घरचे लोक नेहमी असं बोलतात!

चौथ्या दिवशी पंप घरघरला, जळका वास सोडला आणि गेला.

"पाणी फिरत राहिलं पाहिजे हां!" चंद्रप्रकाश म्हणाला. "नाहीतर माशांची वाट लागली म्हणून समज."

त्या दिवसापासून मी बादली उचलली. ऑफिसला जायच्या आधी बादल्या, आल्यावर बादल्या. खालून भरायची, वर ओतायची. खुर्चीवर मोडकी सायकल ठेवली होती. खांदे असे भरून आले की ऑफिसात साहेबांना नमस्कार करताना एकच हात वर जायचा. पण अळू मात्र असं माजलं की एकेक पान सुपाएवढं!

आता नलिनीताईंबद्दल सांगायला हवं. त्या आमच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर राहतात. अख्ख्या इमारतीत टेलिफोन एकच, आणि तो त्यांचा. डायलला कुलूप, किल्ली कमरेला. आलेला फोनसुद्धा फक्त त्यांनीच उचलायचा, मग गॅलरीतून हाक मारायची, असा कायदा. आम्ही सगळे अर्जांवर त्यांचाच नंबर देतो. कोणाशी त्यांचं बिनसलं की मात्र संपलंच. दुसऱ्या मजल्यावरच्या माणिकची ओली चादर त्यांच्या पापडांवर ठिबकली, तर पुढच्या वेळी त्यांनी फोनवर सरळ सांगितलं, "इथे माणिक नावाचं कोणी राहत नाही!" दादर स्टेशनवरून फोन करणारा त्याचा मामा वाट बघून बघून नागपूरला परत गेला.

शिवाय नलिनीताईंना मासळीचा वाससुद्धा चालत नाही, आणि चातुर्मासात तर नावही नाही. म्हणून टाकी गोणपाटाने झाकलेली होती. आत मासे आहेत हे फक्त आम्हा दोघांना, चंद्रप्रकाशला आणि गल्लीतल्या मांजरांना माहीत होतं.

गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी नलिनीताई गॅलरीतून वाकल्या. "श्यामभाऊ, उद्या ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं मला काही चालत नाही. बाजारवाल्यांचा काय भरवसा! तुमचं अळू बिनबैलाचं आहे ना?"

"बैल?" मी छाती फुगवली. "नलिनीताई, नांगर सोडा, या अळूने मातीसुद्धा पाहिलेली नाही!"

"मग सकाळी न्हाऊन मी स्वतःच खुडून नेते. मांजरं मात्र हल्ली फार जमतात हो तुमच्याकडे."

मला एकदम खोकला आला. घरात शिरलो तर सुगंधा पांढरीफटक.

"अहो, सांगून टाका त्यांना! उद्याच माझा फोन यायचाय!"

हे मी विसरलोच होतो. भांडुपच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्टच्या जागेसाठी तिने मुलाखत दिली होती. तीन वर्षं ती अशा जागेसाठी खटपट करत होती. तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, पंचमीला सकाळी फोन करू, उचलला नाही तर पुढच्या बाईंना बोलावू. आणि नंबर अर्थातच नलिनीताईंचा!

"आज सांगितलं तर त्या उद्या म्हणतील, सुगंधा नावाचं इथे कोणी राहत नाही," मी म्हणालो. "फोन येऊ दे. मग सांगू."

सकाळी सुगंधा भाजी चिरून द्यायच्या निमित्ताने वर जाऊन फोनशेजारी बसली. वर नलिनीताईंची राधामावशीही होती, गुहागरहून गणपतीला आलेली. नलिनीताई ओल्या केसांनी खाली परसात उतरल्या.

"मी काढून देतो ना!" मी आडवा उभा राहिलो.

"छे! स्वतः काढायचं असतं." त्यांनी एका अळूचे देठ धरले आणि ओढले. येईना. आणखी जोरात ओढले. त्या अळूची मुळं ट्रेच्या भोकातून थेट टाकीत उतरली होती. अळू आलं, अळूबरोबर ट्रे कलंडला, खडी धडधडत टाकीत कोसळली, गोणपाट घसरला, आणि एक जाडजूड चिलापी उसळून नलिनीताईंच्या पायाशी येऊन फडफडायला लागली!

"हे काय?"

"बेडूक असेल," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

"बेडकाला खवले असतात?"

मी चिलापी उचलून टाकीत टाकली. तेवढ्यात वर फोन वाजायला लागला!

सुगंधा गॅलरीत धावली. "नलिनीताई! फोन! उचलू?"

"हात लावायचा नाही!" नलिनीताई कडाडल्या. "माशांच्या पाण्यातलं अळू! माझ्या ऋषिपंचमीला! इथे सुगंधा नावाचं कोणी राहत नाही!"

फोन वाजत होता. सुगंधाचे डोळे भरून आले होते. खरं सांगतो, त्या क्षणी ती टाकी, ते मासे आणि चंद्रप्रकाश, तिन्ही नाल्यात फेकून द्यावेसे वाटले.

सुगंधाच्या शेजारी राधामावशीचं डोकं आलं. "अगो नलिने, ओरडतेस कशाला?"

"मावशी, व्रत मोडलं! यांच्या टाकीत मासे आहेत!"

"मासे शिजवलेन की काय?"

"नाही मावशी, जिवंत आहेत!" मी खालून ओरडलो.

"मग करतात काय?"

"काही नाही! नुसते पोहतात!"

"नांगराला जुंपलेले नाहीत ना?"

"नाही हो!"

"मग त्यांचे कसले कष्ट? आमच्या गावचं अळू पऱ्ह्याच्या काठी वाढतं. पऱ्ह्यात मासे नसतात तर काय असतं? ए मुली, उचल तो फोन, कान किटले माझे!"

सुगंधा आत पळाली. घंटी थांबली. मी देवाचं नाव घेत उभा होतो, नलिनीताई हातात अळू धरून उभ्या होत्या. मग वरून आवाज आला, "अहो, मिळाली! सोमवारपासून बोलावलंय!"

मी टाकीच्या काठावर मटकन बसलो. इतकं हलकं मला लग्न ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं! नलिनीताईसुद्धा विरघळल्या. "चला, चांगल्या दिवशी चांगलं झालं," म्हणाल्या आणि अळू पदरात घेऊन निघाल्या.

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"काय रे," राधामावशी वरून निरखत होती, "टाकी खाली, अळू वर. मग अळूला पाणी चढवतं कोण?"

"मी!" मी अभिमानाने सांगितलं. "पंप जळल्यापासून रोज दोन वेळा! खालून भरायचं, वर ओतायचं, खालून भरायचं, वर ओतायचं!"

राधामावशीने कपाळाला हात लावला. "आमच्या रहाटाचा बैल हेच करायचा," ती म्हणाली. "नलिने, ठेव ते अळू. नाही चालायचं."

नलिनीताईंनी पदरातलं अळू माझ्या हातात दिलं. मासे पास झाले, मी नापास!

दुपारी आम्ही दोघांनीच ते अळू चापून खाल्लं. सुगंधा इतकी खुशीत होती की पहिल्या पगारात मला नवा पंप आणून देते म्हणाली. तेवढ्यात वरून नलिनीताईंची हाक आली.

"अगं सुगंधा, आठवणीने आण हं! पुढच्या वर्षी तरी मला बिनबैलाचं अळू मिळू दे!"