वार्षिक वरदि

बायकोला विचारायचं नाही, असं मी ठरवलं आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तसं विचारण्यासारखं काही नव्हतंही. आमची औरादची शिक्षणसंस्था दरवर्षी कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती निधीचे कागद फाइलीत बांधून कलबुर्गीच्या कार्यालयात पाठवते. फाइल मी नेतो, पोच घेतो आणि येताना बसमध्ये झोपतो. (या कामात संस्थेत माझ्याइतका अनुभवी माणूस नाही.) यंदा मात्र पत्र आलं की कागद चालणार नाहीत. सगळं पोर्टलवर भरायचं, योग्य जोडपत्रांसह, तीस तारखेपर्यंत. आणि पोर्टल कानडीत.

"बुद्धरत्न, कानडी वाचता येतं न्हवं तुम्हाला?" मुख्याध्यापक अंकुशरावांनी विचारलं.

"येतं की," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर कानडी मला बोलता झकास येतं. वाचताना मात्र एकेक अक्षर तांदळातल्या खड्यासारखं वेचावं लागतं. माझी बायको ज्योत्स्ना कानडी शाळेत शिक्षिका आहे. मी बसू का संगं, असं तिनं त्या संध्याकाळी विचारलंही. ऑफिसचं काम गोपनीय असतं, असं मी तिला ऐकवलं. ती नुसती हसली आणि वह्या तपासायला बसली. ते हसणं मला लागलं.

काम बिघडलं तर फटका बसणार होता शरणबसवला. शरणबसव आमचा वॉचमन, चौतीस वर्षं संस्थेच्या फाटकावर उभा. तीस तारखेला निवृत्त होऊन तो मंठाळला, आपल्या गावी जाणार होता, आणि संस्थेची माहिती वेळेत मंजूर झाली तरच त्याची पेन्शन सुरू होणार होती. रोज सकाळी तो विचारायचा, झालं का सायब माझं? मी म्हणायचो, व्हायलंय.

एके दिवशी पोर्टल उघडलं. पहिलीच ओळ मी घाम गाळून वाचली: 'वार्षिक वरदि लगत्तिसि'. वार्षिक तर कळलं. लगत्तिसि म्हणजे काय, ते शरणबसवला विचारलं, कारण त्याची घरची भाषाच कानडी. जोडा म्हंत्यात त्येला, तो म्हणाला. मधला शब्द मी विचारला नाही. तो आपलाच होता. वरदि म्हणजे वर्दी, आणि ती शरणबसवच्या अंगावर समोरच दिसत होती, खाकी.

शंका कशी आली नाही, असं कुणी विचारेल. सरकारी कामात शंका घेतो तो माणूस नवीन असतो. मागल्या साली आम्ही शाळेच्या संडासाचे फोटो पाठवले होते, दाराशी माणूस उभा करून. (तो माणूस मी.) त्यामानानं वर्दीतले फोटो ही फारच साधी मागणी होती. निधीचे सदस्य बारा, म्हणजे फोटो बारा.

पण वर्दी एकच. म्हणून रविवारी सकाळी सगळ्यांना माझ्या घरी बोलावलं. ज्योत्स्ना उदगीरला बहिणीकडे गेली होती, तेवढी सोय झाली. शरणबसवनं शर्ट धुऊन, कडक इस्त्री करून आणला. फोटोला मागं निळा पडदा हवा, एवढं मला माहीत होतं. घरात निळं असं एकच होतं, ज्योत्स्नाची इरकल साडी. ती चार खिळ्यांवर भिंतीला ताणली. पोर्टल फोटो घेतं का, हे बघायला आधी मी स्वतःच शर्ट घालून फोटो काढला आणि दिसला त्या पहिल्या रिकाम्या चौकोनात टाकला. घेतला की हो. मग रांग लावली. अंकुशरावांचा शर्ट पोटावर बसेना, म्हणून त्यांना श्वास रोखायला सांगितलं. दोन फोटो त्यांनी श्वास सोडल्यामुळं वाया गेले. उमादेवी मॅडमनी साडीवरून शर्ट चढवला आणि म्हणाल्या, असं खरंच लिहिलंय का कानडीत? स्पष्ट लिहिलंय, मी म्हणालो.

नेमकी ज्योत्स्ना एक बस आधीच आली. दारात तिला खाकी शर्टाची बटणं लावणारे गणिताचे सर भेटले.

"काय करायलाव तुम्ही?" तिनं मला विचारलं.

"ऑफिसचं काम."

"आन् माझी इरकल?"

"ती बॅकग्राउंड आहे."

आत जाऊन तिनं सगळ्यांना चहा केला. मला त्या चहाची फार भीती वाटली.

बाराही फोटो मी पोर्टलवर चढवले. तीस तारखेला सकाळी मी घरी पोहे खात होतो, तेवढ्यात कलबुर्गीच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. सगळं बोलणं कानडीत, म्हणजे माझ्या आवडीच्या प्रांतात.

"तुमची वरदि कुठंय?" त्यांनी विचारलं.

"अंगावर आहे, मॅडम."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. आळीपाळीनं घातली."

हा नंबर शिक्षणसंस्थेचाच ना, असं त्यांनी विचारलं. ज्योत्स्नानं फोन माझ्या हातातून काढून घेतला, दोन मिनिटं बोलली आणि माझ्याकडं वळली.

"वरदि म्हंजे अहवाल. वर्षाचा रिपोर्ट. आज पाचच्या आत न्हाई गेला तर शरणबसव अण्णाची पेन्शन अडकती. मला कामून विचारलं न्हाई तुम्ही?"

चौतीस वर्षांत तो माणूस कधी उशिरा आला नव्हता आणि माझ्या ऐटीपायी त्याचं म्हातारपण लटकलं होतं. मला मनापासून लाज वाटली. पोहे तसेच राहिले.

ज्योत्स्नानं रजा टाकली. ऑफिसात माझ्या खुर्चीत ती बसली, मी कपाटातून कागद देत राहिलो. अहवाल, हिशेबाचं पत्रक, सदस्यांची यादी, एकेक जोडपत्र तिनं नीट वाचून चढवलं. पाचला वीस मिनिटं असताना पोच आली. दारात उभ्या शरणबसवनं विचारलं, झालं का? झालं अण्णा, ज्योत्स्ना म्हणाली. त्यानं टोपी काढून डोळे पुसले, आणि मी उगाच कपाट लावत बसलो.

पंधरा दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. शरणबसवची पेन्शन सुरू. त्याखाली लिहिलं होतं, यंदा निवृत्त झालेले सदस्य दोन. दुसरं नाव माझं. मी फोटो टाकून पाहिला तो रिकामा चौकोन निवृत्त होणाऱ्या सदस्याचा होता, असं ज्योत्स्नानं वाचून सांगितलं. माझं वय त्रेचाळीस.

दुरुस्तीचा अर्ज केलाय. (यावेळी आधी विचारून.) त्याला एकच जोडपत्र लागतं: हे गृहस्थ अद्याप संस्थेत आहेत, आणि अमुक अमुक काम करतात, असा मुख्याध्यापकांचा दाखला. अंकुशरावांनी पहिल्या ओळीवर लगेच सही केली. दुसरीत काय लिहावं, याचा ते आज चार दिवस विचार करतायत.