बर्फाच्या बदकावरून जाहलेल्या कलहाची हकीकत

श्रीजलदेवता प्रसन्न, श्रीमोबाइलदेवता प्रसन्न, आणि ज्या रिचार्जावाचून दोहींचेही दर्शन घडत नाही तो रिचार्ज अखंड असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे सुमारास दर्यावर्दी संस्थानात जो कलह माजला आणि मग जी मोहीम निघाली, तिची हकीकत घडली तैसी लिहितो. पदरचे मीठ घातले असेल तर चवीपुरते.

संस्थान कोठे म्हणाल तर मोबाइलात. पृथ्वीवर त्यास गुंठाभर जमीन नव्हती. संस्थानची सतरा माणसे ज्या नगरीत राहत तेथून समुद्र घाटापलीकडे, आणि जवळ पाणी म्हणावे तर एक नदी, तीही हिवाळ्यात गुडघाभर. परंतु ही सतरा माणसे एके साली सहलकंपनीचे हाती पैका देऊन एका थोर क्रूझवर चढली, आणि चार रात्री राहून बंदरात उतरली, आणि घरी येऊन पाहतात तो मन बोटीवरच राहिलेले. मग इंदुमतीबाई सबनीस, ज्या कन्याशाळेत भूगोल शिकवून निवृत्त जाहल्या होत्या, त्यांनी सर्वांस एका ग्रुपात घेतले, आणि स्वतः सरखेल हा किताब धारण केला, आणि कोणी हरकत घ्यावी तर बाईंपुढे हरकत घेण्याची त्या नगरीत वहिवाट नव्हती. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दरबार भरू लागला. कोणी मेथीच्या जुडीचा भाव कळवी, आणि त्याखाली दुसरा लिही की बोटीवर मेथी नव्हती परंतु पालकाचे सूप होते. आणि कोणी गुडघ्याचे दुखणे सांगे, आणि तिसरा लिही की बोटीवर दहा मजले चढलो तेव्हा गुडघा कुरकुरला नाही. आणि मग सर्वजण बोटीवरच्या सूर्यास्ताचे तेच ते फोटो पुनः पाठवीत आणि पुनः वाहवा करीत. घराच्या मजल्यास डेक म्हणावे, स्वयंपाकघरास बफे म्हणावे, पाहुणा आला तर त्याचे उशीशी टॉवेलचा हत्ती करून ठेवावा, ऐसे कायदे जाहले. सुना-जावई हसत, परंतु हत्ती मोडून अंग पुसायचे धैर्य कोणास होत नसे.

सर्वांत थोर कायदा हजेरीचा. त्याचे मूळ ऐसे की, बोट सुटण्यापूर्वी सर्व उतारूंस नारिंगी जाकिटे घालून एके ठायी उभे करून मोजिले, तो एक असामी कमी भरली. हजारो माणसांची बोट, भोंगा वाजलेला, आणि कप्तान म्हणे एक मिळाल्यावाचून हलणार नाही. शोध घेता यशवंतराव मोहिते, पूर्वी कोर्टात शिरस्तेदार, हे शौचकूपाचे दार कसे उघडावे न कळून आत कोंडलेले मिळाले. सगळे हसले. इंदुमतीबाई हसल्या नाहीत. त्यांस यजमान जाऊन काही वर्षे लोटली होती, लेक परमुलखी होता, आणि आपण एके दिवशी कोठे कमी भरलो तर कोणाचे काय अडेल, हा घोर त्यांच्या मनात घर करून होता. एका माणसासाठी एवढी बोट खोळंबली हे पाहून त्यांचे डोळे भरून आले. म्हणोन घरी येताच हुकूम सुटला की, रोज प्रातःकाळी सरखेल ग्रुपात शिटी वाजवतील, आणि सतराही जणांनी हजर लिहावे, आणि आकडा पुरा होईतो कोणी चहास तोंड लावू नये. नदीकाठी पुरासाठी मिळतात तैसी जाकिटे सर्वांनी आणविली, आणि प्रत्येकाने शिटी दोऱ्यात ओवून गळ्यात बांधली, ती स्नानासही काढू नये ऐसा नियम जाहला.

या हजेरीत नित्य पहिला जबाब दिगंबरपंत हुपरीकरांचा. हे एस.टी.चे कंट्रोलर. उभी हयात गाड्या वेळेवर सोडण्यात गेली, आता सोडावयास गाडी नाही म्हणोन बाईंची शिटी पुरी होण्याचे आत हजर लिहून मोकळे होत. एकटेच राहत. बोटीवर पहिल्या दिवशी इंदुमतीबाईंचे पोट ढवळले आणि त्या कठड्याशी वाकल्या, तेव्हा याच गृहस्थांनी त्यांची पर्स धरली, आणि खिशातून आलेपाकाची वडी काढून दिली, आणि कोणास सांगितले नाही. बाई हे विसरल्या नव्हत्या. परंतु कलहाचे दिवसांत माणूस आलेपाक आठवत नाही.

कलहाचे कारण ऐसे. कप्तानाच्या मेजवानीत मेजाचे मध्यभागी बर्फाचा एक पक्षी कोरून ठेविला होता. आमची मंडळी कोट-शालू चढविण्यात गुंतल्याने पोहोचली तो पक्षी बराच वितळला होता. एके दिवशी दरबारात बाईंनी सहज लिहिले की, तो हंस किती देखणा. त्यावर दिगंबरपंतांनी लिहिले, "मान आखूड हुती बाई. बदक हुतं ते." झाले. हंसपक्ष आणि बदकपक्ष ऐसे दोन तट पडले. जुने फोटो निघाले, त्यांत पाहावे तर साबणाची वडी. कोणी हंसाची चोच मोजली, कोणी परमुलखीच्या नातवाची साक्ष काढली, जो बोटीवर नव्हताच. मेथी राहिली, गुडघे राहिले. शेवटी दिगंबरपंतांनी लिहिले, "भूगोलाच्या बाईंनी नद्या-डोंगर सांगावेत, पाखरं आमच्यावर सोडावीत." हे वाचून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्यांनी अंगठा उचलला आणि दिगंबरपंतांस ग्रुपातून काढून टाकिले, आणि खाली लिहिले की, सदरहू असामीस बोटीवरून उतरविले आहे.

दुसरे दिवशी पंचमीस प्रातःकाळी बाईंनी शिटी वाजविली. एकामागे एक हजर आले. सोळा भरले. बाईंनी आधणात साखर टाकिली, तो लतिकाबाई शेडबाळे, ज्यांचा लोणच्याचा कारखाना आणि ज्यांची जीभही त्याच बरणीतली, त्यांचा जबाब आला.

"सरखेलबाई, एक कमी हाय. चहा घिऊ का नको?"

"ते आता बोटीवर नाहीत, लतिकाबाई. काल उतरवलंय त्यांना."

"उतरवलंय म्हंजे कुठं? भर समुद्रात?"

मग यशवंतराव मोहित्यांनी कायद्याचे कलम काढिले की, उतारूस बंदर आल्यावाचून उतरविता येत नाही, आणि आपली बोट मोबाइलात असल्याने तिला बंदर नाही, सबब उतरविणे रद्दबातल, सबब हुपरीकर बोटीवरच असून गैरहजर, सबब चहा नाही. सोळा घरी सोळा पेले गार होऊ लागले. एकाची पत्नी, जी संस्थानात नव्हती, त्यांचेसमोर बसून आल्याचा चहा भुरके मारीत प्याली, आणि त्या गृहस्थांनी तो अपमान गिळला परंतु चहा गिळला नाही. एकाने विचारिले की कॉफीस कायदा लागू आहे काय. लागू आहे ऐसा निवाडा जाहला.

इंदुमतीबाईंची मोठी पंचाईत. फोन करावा तर मान खाली जाते, न करावा तर सोळा माणसे उपाशी. अखेर नाइलाजाने केला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलिला नाही. बाई मनात म्हणाल्या, रुसलाय. पुनः केला. पुनः तेच. बाई म्हणाल्या, रुसू दे, वय काय आणि रुसतो काय. आणि ऐसे म्हणत खुर्चीवर बसल्या, तो एकाएकी ताडकन उठल्या. दिगंबरपंत रुसले असते तर गप्प राहिले असते काय? रात्रीच फोन करून तासभर भांडले असते. ग्रुप बंद तर बंद, बाईंच्या खासगी नंबरावर निषेध आला असता, आणि सकाळी शिटीचे आधी खासगीतच हजर आले असते, केवळ खिजवायला. हा माणूस गाडी चुकवणारा नव्हे. गप्प बसलेले दिगंबरपंत ही गोष्ट निसर्गात नाही. बाईंनी गॅस बंद केला आणि ग्रुपात लिहिले, "माणूस पाण्यात पडला आहे. सर्वांनी जाकिटे घालून निघावे."

मग मोहीम निघाली. नारिंगी जाकिटे घातलेली मंडळी रिक्षांतून, स्कुटरांवरून, आणि दोघे पायी, ऐसी मंडईतून चालली. ती पाहून भाजीवाल्यांचे धाबे दणाणले. मार्गशीर्षात, निरभ्र आभाळाखाली, धरणाचे पाणी सोडले म्हणोन ओरड जाहली, आणि कांद्यांची पोती माळ्यावर चढू लागली. कोणी लतिकाबाईंस विचारिले, "मावशी, पाणी कुठवर आलंय?" त्यांनी रिक्षा न थांबविता सांगितले, "तिसऱ्या डेकवर हाय, बघाय चाललोय." यावर पोती आणखी वर गेली.

दिगंबरपंत तिसऱ्या मजल्यावर राहत. दार आतून बंद. बाईंनी कडी वाजविली, नावाने हाका मारिल्या, उत्तर नाही. मग शिरस्तेदार मोहिते आणि दुसरे दोघे दारास धडका देऊ लागले, परंतु अंगात जाकिटे असल्याने जेवढ्या जोराने जात तेवढ्याच जोराने मागे येत, आणि मागे उभ्या लतिकाबाईंवर पडत. हा गलबला ऐकून खालच्या मजल्यावरच्या पाटणेबाई वर आल्या.

"काय चाललंय? आधीच त्यांच्या कुकरनं डोकं उठवलंय सकाळपासनं," त्या म्हणाल्या. "शिट्ट्यावर शिट्ट्या. मोजायचं सोडलं मी. हरभरे हायत का दगड?"

"कुकर?" इंदुमतीबाई म्हणाल्या. "हे सकाळी कुकर लावत नाहीत. डबा येतो त्यांना."

आणि बाईंनी सर्वांस हाताने गप्प केले. तेव्हा दारापलीकडून शिटी ऐकू आली. तीन आखूड, मग थांबा, मग तीन आखूड. बोटीवर शिकविले होते तैसी, नियमाने, परंतु पार दमलेली. मोहिते पुनः धडकेस सिद्ध जाहले, तो पाटणेबाई म्हणाल्या, "दार कशाला मोडताय? किल्ली हाय की माझ्याकडं."

"मग बोलला का नाहीत?"

"इचारलं कुठं कुणी?"

दार उघडले. दिगंबरपंत न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडलेले, कमरेस पंचा, गळ्यात शिटी, एक पाय वाकडा. पहाटे स्नानास गेले, पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, आणि फोन बाहेर दिवाणावर वाजत राहिला. ओठ निळे पडले होते. दारात नारिंगी जाकिटांची गर्दी पाहून त्यांनी शिटी तोंडातून काढिली.

"हजर," ते म्हणाले. "जरा उशीर झाला, बाई."

इंदुमतीबाई तेथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि रडल्या. वर्गात कधी मुलींसमोर रडल्या नव्हत्या, यजमान गेले तेव्हा पाहुण्यांसमोर रडल्या नव्हत्या, त्या सर्व संस्थानासमोर जाकीट घालून रडल्या. मग आपल्या अंगातले जाकीट काढून त्यांनी पंतांचे डोक्याखाली दिले, आणि म्हणाल्या, "बदक होतं हो ते. माझंच चुकलं. बदकच होतं."

दिगंबरपंतांनी डोळे मिटले. क्षणभर मंडळींस वाटले की समाधानाने प्राण सोडतात. परंतु ते म्हणाले, "न्हाई बाई. इथं पडल्या पडल्या सगळा इचार केला मी. मान वितळली असणार. हंसच हुता."

"काहीतरीच काय. मी म्हणते ना बदक."

"अहो, न्हाई म्हणतो मी. हंस."

आणि स्ट्रेचर आले, आणि जिना उतरू लागले, आणि बाई शेजारून बदक बदक म्हणत उतरल्या, आणि पंत निजूनच हंस हंस म्हणत राहिले, आणि ॲम्ब्युलन्सचे दार लागेतो दोघांपैकी कोणी मागे हटले नाही. वैद्य म्हणाले की, ओल्या फरशीवर दुपार जाहली असती तर सांगता येत नव्हते. हाडात सळई घातली. मंडईतले कांदे संध्याकाळी खाली उतरले. सोळा घरचा गार चहा पुनः तापवून पिण्यात आला, आणि त्यास कोणी नाव ठेविले नाही.

एवंच, या मोहिमेची फलश्रुती ऐसी की, उतारूस उतरविण्याचा अधिकार सरखेलांनी आपणहून सोडिला. पक्षी कोणता याचा निकाल अद्याप नाही. हंसपक्षाचे धुरंधर आता दिगंबरपंत आणि बदकपक्षाच्या इंदुमतीबाई, आणि दोघांचे अनुयायी कोणाकडे जावे न कळून मेथीकडे वळले आहेत. पंत काठी घेऊन हिंडू लागले. प्रातःकाळचा पहिला हजर पूर्ववत त्यांचाच येतो, आणि तो येईतो बाई चहाचे आधण ठेवीत नाहीत.